गार गाडी, चोक आणि समोरच्या काकांच्या एकवीस किका

सकाळी सव्वासहाच्या सुमाराला आमच्या गल्लीत एक ठरलेला कार्यक्रम होतो. समोरचे काका आपली शंभर सीसीची जुनी गाडी बाहेर काढतात, चोक लावतात, एक्सिलेटर पूर्ण पिळतात आणि किका मारायला लागतात. उन्हाळ्यात चौथ्या-पाचव्या किकला गाडी चालू होते. डिसेंबरात मी अंथरुणात पडल्या पडल्या मोजतो. परवा आकडा एकवीसवर गेला. मग प्लग काढला, धोतराच्या जुन्या फडक्याने पुसला, फुंकला, परत बसवला, आणि गाडीने घेतलं. दूध आणायला निघताना काकांनी मला गॅलरीत पाहून निदान सांगितलं, "थंडीत पेट्रोल गोठतं रे."

पेट्रोल गोठत नाही. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात येतात, पण त्या थंडीतही टाकीतलं पेट्रोल पाण्यासारखं पातळच असतं. ते गोठायला पारा उणे चाळिसाच्याही खाली जावा लागतो. अडचण वेगळीच आहे. पेट्रोल द्रवरूपात पेटतच नाही. पेटते ती त्याची वाफ, तीही योग्य प्रमाणात हवा मिसळलेली. गार इंजिनात पेट्रोल पोहोचतं, पण त्याची वाफ होत नाही. चोकचा सगळा खटाटोप एवढ्यासाठी आहे.

आधी प्रमाण पाहू. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. शंभर सीसीच्या इंजिनाने एका घोटात छाती भरून हवा घेतली तर तिचं वजन भरतं जेमतेम ०.१२ ग्रॅम. म्हणजे तिच्याबरोबर पेट्रोल हवं सुमारे ८ मिलिग्रॅम, पाण्याच्या एका थेंबाच्या पाचव्या हिश्शाएवढं. आयडलिंगला तर त्याहूनही कमी. एवढासा अंश मोजून द्यायचा, तोही मिनिटाला शेकडो वेळा, आणि हे काम करणाऱ्या यंत्रात ना मोटर, ना बॅटरी, ना कसला मेंदू. कार्बोरेटरबद्दल मला खरं कौतुक वाटतं ते इथे.

तो हे कसं करतो? कार्बोरेटर म्हणजे मधोमध चिंचोळी झालेली एक नळी. इंजिन हवा ओढतं, ती चिंचोळ्या जागेतून जाताना वेग घेते, आणि वेग वाढला की तिथला दाब घटतो. नळीच्या खाली एक वाटी असते, तिच्यात फ्लोटमुळे पेट्रोलची पातळी कायम एकसारखी राहते. संडासाच्या फ्लशच्या टाकीत जसा चेंडू असतो, तसंच. वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब, वर नळीत कमी दाब. मग पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त येतं, कमी गेली की कमी. हिशेब आपोआप जुळतो.

पण जुळतो तो इंजिन चालू असताना. किक मारताना इंजिन जेमतेम काहीशे फेऱ्यांच्या वेगाने फिरतं, तेही दोन-चार फेऱ्यांपुरतं. हवेचा वेग निम्मा झाला तर ओढ निम्मी होत नाही, पाव होते. त्यामुळे ज्या क्षणी इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल हवं असतं, नेमकं त्याच क्षणी कार्बोरेटर सगळ्यात कमी देतो. कार्बोरेटरच्या रचनेतलीच ही खोट आहे आणि ती कोणत्याही सेटिंगने जात नाही.

त्यात थंडी. पेट्रोल हा एकच एक पदार्थ नाही, शेकडो घटकांची मिसळ आहे. त्यातले हलके घटक ३५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतात, जड घटकांना २०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. इंजिन तापलेलं असेल तर बहुतेक सगळ्यांची वाफ होते. पहाटेच्या गार धातूवर मात्र फक्त हलके घटक उडतात, बाकीचं पेट्रोल नळीच्या आणि सिलिंडरच्या भिंतींना ओलं चिकटून राहतं. चूल पेटवताना आधी काटक्या आणि नारळाच्या शेंड्या लागतात, बाभळीचं ओंडकं थेट पेटत नाही. गार इंजिनासाठी पेट्रोलमधले हलके घटक म्हणजे या काटक्या, आणि एका मापात त्या थोड्याच असतात.

मग उपाय काय? माप वाढवायचं. समजा गार इंजिनात पेट्रोलच्या पाचव्या हिश्शाचीच वाफ होतेय. तर वाफेचं प्रमाण जुळवायला पाचपट पेट्रोल आत पाठवावं लागेल, म्हणजे १४.७ ऐवजी तीनास एक. त्यातलं चार हिस्से ओलंच राहणार हे गृहीत धरून. चोक लावल्यावर सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास येतो तो या ओल्या राहिलेल्या पेट्रोलचा.

आता काकांच्या पिळलेल्या एक्सिलेटरकडे येतो. त्यासाठी चोक आतून कसा असतो हे बघावं लागेल. तो दोन जातींचा असतो, आणि याची फोड गॅरेजमध्येही क्वचितच कोणी करून सांगतं.

पहिली जात पत्रीची. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत कार्बोरेटरलाच एक छोटी पट्टी असते, ती वर केली की एअर फिल्टरकडून येणाऱ्या वाटेवर एक गोल पत्री आडवी येते. हवेचा गळाच आवळला जातो, म्हणून नाव चोक. वाट बंद, आणि मागून पिस्टन तर ओढतोय. त्यामुळे अख्ख्या नळीतला दाब पडतो आणि सगळ्या जेटमधून पेट्रोल खेचलं जातं. उसाच्या रसाच्या ग्लासात दोन स्ट्रॉ टाकून तोंडात धरा, एकीचं टोक रसात, दुसरीचं बाहेर हवेत. ओढलं तर रस कमी येतो. बाहेरच्या स्ट्रॉचं तोंड बोटाने दाबा, रस भसकन वर येतो. पत्री म्हणजे ते बोट.

दुसरी जात दट्ट्याची. आरएक्स १००, मिकार्ब कार्बोरेटरची बुलेट आणि अशा बऱ्याच गाड्यांत चोक म्हणून जे ओढतो तो कुणाचा गळा आवळतच नाही. तिथे मूळ कार्बोरेटरच्या पोटात एक बारका स्वतंत्र कार्बोरेटर असतो, त्याचा जेट वेगळा, हवेची वाट वेगळी. चोकची दांडी ओढली की पितळी दट्ट्या वर उचलला जातो आणि ही वाट उघडते. तिचं तोंड एक्सिलेटरच्या झडपेच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला असतं. झडप बंद असेल तर पलीकडे जोरदार ओढ तयार होते आणि या वाटेने भरपूर पेट्रोल आत जातं.

झडप उघडली तर? ओढ संपली. हवा मोठ्या दरवाजातून बिनबोभाट आत येते, बारक्या वाटेकडे कोण बघतो. म्हणजे दट्ट्याच्या चोकवर रेस दिली की चोक असून नसल्यासारखा होतो आणि मिश्रण पातळ राहतं. पत्रीच्या चोकवर नेमकं उलटं घडतं. पत्री बंद ठेवून एक्सिलेटर पूर्ण उघडला की पिस्टनची सगळी ओढ थेट मेन जेटवर येते, पेट्रोलचा पूर येतो आणि प्लग भिजतो. चूक एकच, परिणाम दोन टोकांचे. समान गोष्ट एवढीच की गाडी दोन्हीकडे चालू होत नाही. काकांची गाडी पत्रीवाली आहे. एकविसाव्या किकनंतर निघालेला प्लग ओला होता, यात नवल ते काय.

किक मारण्याआधी एक्सिलेटर तीन-चारदा पिळून घेणाऱ्यांचाही एक पंथ आहे. हा संस्कार बहुधा जुन्या मोटारींकडून आला असावा. मोटारींच्या कार्बोरेटरला एक छोटा पंप असायचा, पेडल दाबलं की तो पेट्रोलची पिचकारी आत सोडायचा. मोटरसायकलींत असा पंप थोड्याच गाड्यांना मिळाला, हिरो होंडाच्या सीबीझेडला होता. तुमच्या शंभर सीसीच्या गाडीला तो नाही. बंद गाडीचा एक्सिलेटर कितीही पिळा, केबलला व्यायाम होईल, पेट्रोलचा टिपूसही हलणार नाही.

तर मग किक मारायची कशी? रात्रभर उभ्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद असेल तर तो चालू करून अर्धा-एक मिनिट थांबा, वाटी भरू द्या. चोक पूर्ण लावा. चावी बंदच ठेवून दोन-तीन किका सावकाश, पूर्ण खालपर्यंत मारा. या किका वाया जात नाहीत. त्यांनी दाट मिश्रण आत ओढलं जातं, आणि रात्रभरात घट्ट झालेलं ऑइलही जरा सैल होतं. मग चावी चालू, एक्सिलेटरला हात न लावता एक दमदार किक. दमदार म्हणजे रागाने नव्हे. आधी पायाने हळूच दाबत जायचं, जिथे दाब लागतो तिथे थांबायचं, पेडल वर घ्यायचं आणि तिथून सपाटून खाली. पत्रीच्या चोकला एक्सिलेटर सुतभर उघडलेला चालतो, काही गाड्यांना तो आवडतोही. दट्ट्याच्या चोकला तेवढाही नको.

सेल्फ स्टार्टरचं बटण थंडीत सलग दाबून धरू नये. गार बॅटरीची ताकद आधीच घटलेली असते, त्यात स्टार्टर मोटर भरमसाट करंट खेचते. ज्या गाडीचा स्पार्कही बॅटरीवरच अवलंबून असतो, तिथे नेमक्या गरजेच्या वेळी स्पार्क मलूल पडतो. पहिल्या दोन किका पायाने मारून मग बटण दाबलं तर बॅटरीवरचा भार बराच हलका होतो. पाच सेकंद दाबून पंधरा-वीस सेकंद विश्रांती, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

जुन्या गाड्यांचे आपापले विधी होते, आणि त्या प्रत्येकामागे हीच भौतिकी आहे. जावा-येझदीच्या कार्बोरेटरवर एक छोटं बटण असे, टिकलर. ते बोटाने दाबून धरलं की फ्लोट खाली बुडायचा, वाटी काठोकाठ भरून पेट्रोल बाहेर डोकवायचं, बोटाला लागायचं. पोरांना वाटायचं की वडील गाडीला गुदगुल्या करतायत. तो हाताने केलेला चोक होता. बजाज चेतक आडवी करून किक मारायची पद्धत सगळ्या महाराष्ट्राने पाहिली आहे; तिच्यामागे इतरही कारणं सांगतात, पण गाडी कलली की वाटीतली पेट्रोलची पातळी एका बाजूला चढते आणि थोडं जास्तीचं पेट्रोल नळीत उतरतं, हे कारण मला सगळ्यात पटतं. टू-स्ट्रोक गाड्यांत मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीत जातं, तिथल्या गार भिंती ओल्या करतं आणि मग वर येतं. त्यामुळे तिथे एखादी किक जास्त लागते, आणि एकदा पूर आला की तो उपसायलाही वेळ लागतो.

बुलेटचा विधी तर मुंजीसारखा. साडेतीनशे सीसीचा एकच पिस्टन, त्याचा दाब पायाने मोडायचा. आधी क्लच दाबून दोन-तीन किका, म्हणजे रात्रीतून एकमेकींना चिकटलेल्या क्लच प्लेटा सुटतात. मग चावी चालू करून किक हळूहळू खाली न्यायची आणि टाकीपुढच्या अँपिअर मीटरकडे बघायचं. काटा मधोमध आला म्हणजे पॉइंट (स्पार्क पाडणारा स्विच) उघडले, पिस्टन माथ्याजवळ आला. आता डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी दांडी) दाबून पिस्टन माथ्याच्या किंचित पुढे सरकवायचा, डिकॉम्प्रेसर सोडायचा आणि मग खरी किक. ही पायरी गाळली तर किक उलटी येऊन नडगीवर बसते. आमच्या ओळखीतल्या दोघांनी या कारणाने पंधरा दिवस लंगडत काढलेत.

पूर आलाच तर काय करायचं? आधी ओळखा: पेट्रोलचा उग्र वास, किक मारल्यावर इंजिन एकदाही फुरफुरत नाही, प्लग काढला तर ओला. इथे मात्र काकांचा पूर्ण पिळलेला एक्सिलेटर कामाला येतो. चोक बंद, एक्सिलेटर पूर्ण उघडा, सात-आठ किका. आता हवेच्या वाटेत कुठेच अडथळा नसतो, मिश्रण पातळ होतं, आतला ओलावा वाऱ्यावर वाळतो. एवढ्याने जमलं नाही तर प्लग काढून कोरडा करा. तो गॅसवर लालबुंद करण्याचा प्रकार मात्र नको, आतली चिनी माती तडकते. आणि प्लग बाहेर असताना जवळ स्पार्क तपासू नका. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

गाडी चालू झाली की दुसरी चूक सुरू होते. काहीजण लगेच चोक बंद करतात, गाडी दोनदा खोकून बंद पडते. काहीजण दहा मिनिटं चोकवर घरघरत ठेवतात. आवाज ऐका. चोकवर इंजिन आधी चढ्या आवाजात फिरतं. धातू जरा तापला की पूर्वीपेक्षा जास्त पेट्रोलची वाफ व्हायला लागते, मिश्रण गरजेपेक्षा दाट होतं आणि आवाज जड, अडखळता होतो. तीच चोक अर्धा करायची वेळ. पुण्या-नाशकाच्या थंडीत हे अर्ध्या ते एका मिनिटात होतं. नंतर उभं राहून तापवत बसण्यात अर्थ नाही. गाडी हळू हाकत दोन-तीन किलोमीटर न्या, चालत्या गाडीचं इंजिन लवकर तापतं. बंद पार्किंगमध्ये तर मुळीच थांबू नये. दाट मिश्रणाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि त्याला वास नसतो. जास्त वेळ चोकवर चालवलं की न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि तेलाच्या टाकीत उतरतं. पिस्टनच्या रिंगा अशाने झिजतात.

गाडी थोडी चालवून आल्यावर कधी कार्बोरेटरला हात लावून बघा (इंजिनाला नव्हे, पोळेल). इंजिन तापलेलं आणि हा मात्र गारेगार, दमट हवेत तर बाहेरून दव सुटलेलं. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता खातं, माठातलं पाणी गार होतं तसंच. धुक्यात ही घसरण एवढी होऊ शकते की नळीत बर्फाचा थर जमतो. थंड देशांत काही मोटरसायकलींच्या कार्बोरेटरला त्यासाठी हीटर दिलेले असायचे.

पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे याच गोष्टीला नवा पदर सुटलाय. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि त्याला जळायला हवा कमी लागते, एकास नऊ. म्हणून साध्या पेट्रोलवर जुळवलेल्या कार्बोरेटरमध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल घातलं की मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं. जी जुनी गाडी आधीच पातळ मिश्रणावर होती, ती आता चोक जास्त वेळ मागते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं; गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि जेटचं तोंड तळाशीच असतं. वाटीच्या खाली एक स्क्रू असतो. बरेच दिवस उभ्या गाडीला पन्नास किका मारण्याआधी तो सैल करून जुनं पेट्रोल काढून टाका. त्यातले हलके घटक कधीच उडून गेलेले असतात, उरलेली असतात ती निव्वळ ओंडकी.

लडाखला बाइकवर जाणाऱ्या मराठी पोरांना उलटा अनुभव येतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, हवा विरळ. कार्बोरेटर हवेचा वेग बघून पेट्रोल देतो, तिचं वजन त्याला कळत नाही. त्यामुळे उंचीवर मिश्रण आपसूक दाट होतं, लेहला ढोबळमानाने वीस टक्क्यांनी. पहाट गोठवणारी असूनही तिथे पूर्ण चोक कधीकधी जास्त होतो. आधी अर्धा लावून बघावा.

उन्हाळ्यातही चोकशिवाय गाडी चालू होत नसेल, किंवा चोक काढला की लगेच बंद पडत असेल, तर दोष हवामानाचा नाही. बहुतेक वेळा पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारा बारका जेट, चोंदलेला असतो. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, कचऱ्याचा एक कण पुरतो. ते हवेच्या प्रेशरने साफ करावं. मेकॅनिक तार घालायला लागला तर त्याचा हात धरा, तारेने भोक मोठं होतं आणि सेटिंग कायमचं बिघडतं. उलट थंडीतही चोक लावला की गाडी नाराज होत असेल, तर मिश्रण आधीच दाट आहे. एअर फिल्टर आणि फ्लोटची सुई (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी) बघा.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळपास गेला. आता इंजिनाचं तापमान सेन्सर मोजतो, कॉम्प्युटर इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि तापमान चढेल तसं माप कमी करत आणतो. चोक गेलेला नाही, फक्त तो ओढणारा हात आपला राहिलेला नाही.

काकांना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "काका, उद्या चोक लावा, पण एक्सिलेटरला हात लावू नका." दुसऱ्या दिवशी तिसऱ्या किकला गाडीने घेतलं. काका खूश होऊन लगेच निघाले, चोक तसाच लावलेला, आणि नाक्यावरच्या डेअरीपर्यंत मागे काळ्या धुराची रेघ.